आडवा उजेड

आज छप्पन्न साड्यांचे फोटो काढायचेत. शिफ्ट नऊची, पण भिवंडी बायपासला कंटेनर बंद पडलेला, त्यामुळे पोचायला साडेनऊ झाले. गोदामाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाची गुंडाळी वरून जमिनीपर्यंत सोडलेली, समोर टेबलावर लॅपटॉप, बाजूला साड्यांचे दोन रॅक, रॅकच्या मागे पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. पलीकडे फोर्कलिफ्ट फिरतेय, कुणीतरी खोक्यांना टेप मारतंय. आमच्याकडचे पाहुणे याला फॅशन फोटोग्राफी म्हणतात आणि विचारतात, "मग कुठली कुठली हिरॉइन बघितलीस?"

हिशोब सांगते. एका साडीचे पाच फोटो: समोरून, मागून, बाजूने, मग पदर आणि काठ जवळून. म्हणजे दिवसाला दोनशे ऐंशी फोटो, तेही निवडून झाल्यावरचे. जेवण आणि चहा वजा केला तर हातात सात तास राहतात. साडीला साडेसात मिनिटं. त्यातली पाच कागदावर पदर-निऱ्या सारख्या करण्यात जातात, नेसवायला वेगळा वेळच नाही, म्हणून मॉडेल दोन. एक कागदावर उभी असते तेव्हा दुसरी पडद्यामागे निऱ्या घालून घेत असते. माझ्या वाट्याला येतात ती अडीच मिनिटं. त्या अडीच मिनिटांत पदराला चुणी पडली, तर ती साडी पुढची दोन वर्षं देशभरातल्या फोनांवर त्या चुणीसकट दिसणार. नाहीतर रिटचिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर साफ करायला जाणार, आणि रिटचिंग म्हणजे माझ्याच पैशांतून दुसऱ्याचे पैसे.

मी इचलकरंजीची. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या घरी मात्र माग नव्हता. अप्पा घडीवाले. बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. मागावर विणलेलं कापड थेट बाजारात जात नाही. सायझिंगवाले, वहिफणीवाले, कांडीवाल्या, जॉबर, विणणारे, एवढ्यांचे हात लागले की ते घडीखात्यात येतं. तिथं ते टेबलावरून ओढायचं, डोळ्याखालून घालायचं, मोजायचं आणि घडी मारायची. वाटेत दोष दिसला की खडूची खूण. तुटकी तार, गाठ, जाळं, पट्टा, तेलाचा डाग. खूण केली की विणणाऱ्याची मजुरी कापली जायची आणि तो चार दिवस अप्पांशी बोलायचा नाही. खूण राहून गेली तर व्यापाऱ्याकडून तागा परत यायचा आणि शेठ अप्पांना बोलायचा. या नोकरीत कुणाचाही दुवा मिळायची सोय नव्हती.

शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे. अप्पांच्या टेबलाला लागून एक मोठी खिडकी होती, जाळी पिंजलेल्या कापसानं भरलेली. मला दिसायचं नुसतं पांढरं कापड, एकसारखं, संपता न संपणारं. "असं समोरनं काय दिसणाराय? आडवं बघ की," अप्पा म्हणायचे. मग ते कापडाचा पन्हा दोन्ही हातांत ताणून खिडकीच्या रेषेत आणायचे आणि मान कलती करून कडेनं बघायला लावायचे. आता उजेड कापडावर पडत नसे, कापडावरून घसरत जाई. मघाशी जिथं काहीच नव्हतं तिथं एक गाठ आपली इवलीशी सावली टाकून उभी असे. एकेक तार वेगळी दिसे. मला वाटायचं अप्पांना जादू येते.

याला रेकिंग लाइट म्हणतात हे मला मुंबईत कळलं.

मुंबईला आले २००५ मध्ये, हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, एका जाहिरात-फोटोग्राफरची असिस्टंट म्हणून. कशी आले, घरी काय झालं, आईनं किती दिवस भाकरी मोडली नाही, ते पुन्हा कधीतरी. फोटोग्राफर म्हटलं की तेव्हा मराठी घरात एकच नाव निघायचं, गौतम राजाध्यक्ष. मासिकातले त्यांनी काढलेले चेहरे, ती आतून उजळल्यासारखी कातडी बघून मला वाटायचं, मीही असलंच काहीतरी करणार. पहिली तीन वर्षं मी थर्माकोल धरला.

थर्माकोलला हसू नका. मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओत जा, लाखोंच्या लाइटांच्या पुढे-मागे काठ्यांना अडकवलेले थर्माकोलचे पत्रे दिसतील, एक बाजू पांढरी, दुसरी काळी रंगवलेली. पांढरी बाजू मॉडेलकडे केली की सावलीत उजेड भरतो. काळी केली की उजेड शोषला जातो आणि सावली गडद होते. साडीच्या निऱ्या दिसायला हव्यात तर समोरून आणखी लाइट मारून काही होत नाही, उलट निऱ्या सपाट होऊन परकरासारख्या दिसतात. एका बाजूला काळा थर्माकोल आणून ठेवा, प्रत्येक निरीची कड उठून येते. उजेड कमी करून जास्त दाखवता येतं हे मला तीन वर्षं हात भरून येईपर्यंत तो पत्रा धरल्यानं कळलं. शिवाय पदर उडवायला पंखा नसेल तर त्याच पत्र्यानं वारा घालता येतो. आणि डबा खायला बसताना अंथरताही येतो.

तेव्हा माझं सामान म्हणजे दोन स्टँड, एक छत्री आणि बोरा बाजारातून घेतलेला सेकंडहँड फ्लॅश. ते घेऊन लेडीज डब्यात चढलं की जो गहजब व्हायचा, तो ऐकून बरेच नवे शब्द शिकले. मग एकदा एका मासळीवाल्या मावशींनीच सांगितलं, "आमच्या डब्यात येत जा गो, सामानाच्या." त्यानंतर बरीच वर्षं माझ्या छत्रीला बोंबलांचा वास होता. एका परफ्यूमच्या शूटला स्टायलिस्ट सारखी नाक वर करून वास कुठून येतोय ते शोधत होती. मी गप्प.

आता कापडाबद्दल बोलते, कारण माझ्या मते हा धंदा कापडाचा आहे. चेहऱ्यांचा धंदा वेगळा.

आडव्या उजेडात कापडाचा पोत दिसतो, पण चुण्याही दिसतात. समोरून मोठ्या सॉफ्टबॉक्सचा मऊ उजेड दिला की चुण्या गायब, पण पोतही गायब. सुती हातमागाची साडी आणि पॉलिएस्टरची साडी त्या उजेडात सख्ख्या बहिणी दिसतात. सगळी कारागिरी या दोन टोकांमध्ये लाइट कुठे उभा करायचा यात असते. मी साधारण पंचेचाळीस अंशांवर, डोक्याच्या जरा वर ठेवते आणि मग कापड बघून सरकवते. खण असेल तर आणखी कडेला, कारण खणाची मजा त्या विणीतच आहे. जॉर्जेट असेल तर पुढे, कारण तिथं पडण्याला महत्त्व.

मग अंतर. लाइट लांब नेला की उजेड नुसता कमी होत नाही, फार वेगानं कमी होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई. पोर्ट्रेटमध्ये लाइट चेहऱ्याजवळ आणतात, छान मऊ दिसतो. तोच साडीला आणला तर चेहरा एक मीटरवर आणि पायाशी काठ दोन मीटरवर, म्हणजे काठाला चौथा हिस्सा. आणि दुकानदारानं पैसे मोजलेत ते काठासाठी! म्हणून पूर्ण उंचीच्या फोटोला लाइट चांगला चार मीटर मागे न्यावा लागतो, मग डोकं आणि पाय यांच्यातला फरक नगण्य होतो. मागे नेला की तो लहान पडतो, सावल्या टोकदार होतात, म्हणून पुढे कापडाचा मोठा स्क्रीन लावायचा, त्याला आम्ही स्किमर म्हणतो. नवे लोक मोठे स्टुडिओ भाड्यानं घेण्याला माज समजतात. ती जागा उजेडाला मागे जायला लागते.

जरीचं तंत्र आणखी वेगळं. जर म्हणजे धातू, तिचा स्वभाव आरशाचा. आरशावर टॉर्च मारून आरसा दिसत नाही, आरशात समोर जे असेल ते दिसतं. जरीसमोर अंधार असला तर सोन्याचा काठ चक्क काळा येतो, मग तुम्ही कितीही वॉटचा फ्लॅश लावा. छोटा लाइट लावला तर इथे-तिथे ठिणग्या उडतात. काठ जिथे 'बघतोय' तिथे मोठा पांढरा पत्रा उभा करायचा आणि उजेड त्या पत्र्यावर टाकायचा. मग संपूर्ण काठ सोन्याच्या पत्र्यासारखा पेटतो. हे कुणी मला शिकवलं नाही. एका दुपारी पांढरा शर्ट घातलेला क्लायंट साडीजवळ वाकला आणि काठाचा तेवढाच तुकडा लखकन उजळला. मी त्यांना पंधरा मिनिटं तिथून हलू दिलं नाही.

पांढऱ्या कापडाचं दुखणं मला गावानंच आधी दाखवलं होतं. धोतराचं कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्याला टिनोपॉलसारखं चमक आणणारं द्रव्य देतात. हे द्रव्य अतिनील किरण पितं आणि निळसर उजेड परत टाकतं. उन्हात ते छान दिसतं. फ्लॅशमध्येही अतिनील किरण असतात, त्यामुळे फोटोत कुडता निळा पडतो आणि त्याच्यावरचं साधं सुती उपरणं मळकट पिवळं. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच फ्रेममध्ये, रंग दोन. कॉम्प्युटरवर एक सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. अतिनील रोखणारं कोटिंग असलेल्या फ्लॅशट्यूब मिळतात. मी त्या घेतल्या तेव्हा एक महिनाभर घरभाड्याची उसनवारी केली.

बारीक चौकडीचा शर्ट असला तर कधी कधी फोटोत त्याच्यावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून हलवा, तशाच लाटा दिसतील. एक जाळी कापडाच्या विणीची, दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरची. अशा वेळी दोन पावलं पुढे-मागे व्हायचं किंवा मॉडेलला जरा तिरकं करायचं, की लाटा जातात. पण हे लॅपटॉपवर फोटो शंभर टक्के मोठा करून बघितला तरच कळतं, म्हणून कॅमेऱ्याची केबल कायम लॅपटॉपला जोडलेली. या केबलला अडखळून पडणारा माणूस प्रत्येक शूटला एक असतोच, आणि तो नेमका क्लायंटचा मेव्हणा असतो.

माझी सगळ्यात मोठी फजिती पैठणीनं केली. १२-१३ वर्षं झाली असतील. एका साडीच्या दुकानाचं काम होतं, नाव नको. त्यांच्या धूपछाँव पैठण्या होत्या. धूपछाँव म्हणजे ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या. ती साडी ताणा लाल, बाणा निळा. एका बाजूनं बघितली की वांगी रंग, दुसरीकडून बघितली की कुंकवासारखी, आणि चालणाऱ्या बाईच्या अंगावर दोन्ही एकदम. मी रंगाचं कार्ड धरून, ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स घेऊन, सगळं शास्त्रशुद्ध केलं. फोटो देखणे आले. पडली ती लाल. गिऱ्हाइकांनी लाल म्हणून मागवली आणि खोक्यातून वांगी निघाली. साड्या परत आल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमचा रंग चुकला." मी म्हणाले, रंग चुकलेला नाही, तो खरोखरच दोन आहे. तो म्हणाला, "वेबसाइटवर रंगाचा रकाना एकच आहे." माझे अर्धे पैसे कापले गेले.

मी ते अप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मजुरी कापली गेल्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला कळणार, असं वाटून मी सांगितलं होतं.

तेव्हापासून धूपछाँव असली की मी हट्टानं सहावा फोटो काढते, पदर हातात धरून दुमडलेला, दोन्ही रंग दिसतील असा. त्याचे पैसे कुणी देत नाही. राणी आणि मोरपंखी या रंगांचं मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. मोरपंखीत जी हिरवट निळी झळ असते ती साध्या फोनच्या पडद्यावर पुरती मावतच नाही. ती साडी डोळ्यानंच बघावी.

आता या भिवंडीच्या कोपऱ्यातली माणसं. लाइट दादा दोन. मुंबईत लाइट हलवणाऱ्याला दादाच म्हणतात, वय काहीही असो. यातले मोठे दादा सिनेमाच्या सेटवरून आलेत. मी "थोडा फेदर करा" म्हटलं की ते सॉफ्टबॉक्स अगदी बोटभर फिरवतात, आणि तेवढंच हवं असतं. साडी नेसवणाऱ्या ताई डोंबिवलीहून येतात. त्यांच्या मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली असते, तोंडात आणखी चार टाचण्या, आणि त्याच तोंडानं त्या बोलतात. मॉडेलचं ब्लाउज मागून बघाल तर चार-पाच काळे चिमटे, कारण ब्लाउज एकच मापाचं आणि मुली दोन मापांच्या. चपलांच्या तळव्यांना टेप, कारण त्या नंतर दुकानात परत जायच्या आहेत. मागच्या बाजूचा फोटो काढायची वेळ आली की सगळे चिमटे काढून पुढे लावायचे. फॅशन या शब्दाचा जो काही दिमाख आहे तो असा एका बाजूला चिमट्यांनी पकडून ठेवलेला असतो.

मॉडेलच्या कामाला सोपं समजणाऱ्यांनी एकदा चार किलोची साडी नेसून, श्वास धरून, दर दीड सेकंदाला हात बदलत, आणि चेहऱ्यावर काहीच होत नाही असा भाव ठेवत आठ तास उभं राहून दाखवावं. चांगल्या मुली फ्लॅशच्या आवाजावर चालतात. फट्, हात कमरेवर. फट्, मान वळली. फट्, नजर परत. मी बोलतच नाही. लय लागली की बोलणं म्हणजे तबल्यात टाळ वाजवणं.

पदर उडवायचा फोटो असला की आमचा एक असिस्टंट जमिनीवर पालथा पडतो, पदराचं टोक धरतो, "एक, दोन" म्हणत फेकतो आणि गडगडत फ्रेमच्या बाहेर जातो. पदर हवेत गोठवतो तो फ्लॅश. शटर सेकंदाच्या १/२००वर ठेवलेलं असतं, त्याहून वेगात नेलं तर अर्धा फोटो काळा येतो. स्टुडिओच्या अंधारात एफ/११ला आणि आयएसओ १००ला, म्हणजे लेन्सचं भोक लहान आणि कॅमेरा उजेडाला कमी हळवा ठेवला की, बाकीचा उजेड नोंदलाच जात नाही. फ्लॅशचा क्षण शटरपेक्षा कितीतरी छोटा, जे दिसतं ते तेवढ्यापुरतंच. म्हणून पदराच्या टोकाचा गोंडासुद्धा टोकदार येतो. वीस वेळा फेकल्यावर एकदा पदर अंगाला शोभेल असा उडतो. एकोणीस वेळा तोंडावर येतो.

एक गोष्ट मी कधी चालवून घेत नाही. कपडे बदलायच्या पडद्याकडे तोंड करून कुणीही उभं राहायचं नाही, क्लायंटसुद्धा. आणि साडी बदलताना लॅपटॉपचा पडदा झाकायचा. असिस्टंट असताना मी काय काय बघितलंय ते लिहायला बसले तर हा लेख वेगळाच होईल.

पैशांचं थोडक्यात. मुंबईत तारखा 'पेन्सिल' होतात. क्लायंट फोन करतो, "बारा-तेरा पेन्सिल करून ठेव." म्हणजे त्या दिवशी दुसरं काम घ्यायचं नाही, पण हेही काम पक्कं नाही. अकराच्या रात्री ते खोडलं जातं. खोडलेल्या तारखेचे पैसे मागितले की समोरचा असा आवाज काढतो जणू मी त्याच्या घरात शिरून फ्रिज उघडला. महिन्यात आठ दिवस काम लागलं तर महिना बरा. पंचांगाशी तर आमचा संबंधच तुटलाय. श्रावणात दिवाळीच्या साड्या शूट करते, थंडीत उन्हाळ्याचं लॉनचं पातळ सुती कापड. बाहेर पाऊस कोसळत असतो, माझी मॉडेल हातात पणती धरून हसत असते.

बिल दिल्यावर साठ दिवस, नव्वद दिवस. कंपनी व्यावसायिक फी म्हणून दहा टक्के टीडीएस आधीच कापते. उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि बिल दिलं की त्यावरचे अठरा टक्के पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मी भरायचे, क्लायंटनं मला दमडी दिलेली नसली तरी. कायद्यानं सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत, २००६ पासूनचा कायदा आहे. माझी उद्यम नोंदणी आहे, तो क्रमांक मी बिलाच्या डोक्यावर ठळक छापते. एका वसुलीच्या फोनवर मी या कायद्याचं कलम वाचून दाखवलं. पैसे आठवड्यात आले. काम पुन्हा कधी आलं नाही.

आणि फोटो कुणाचे? माझे नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं सतरावं कलम सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. असिस्टंट मुलांना मी पगाराआधी हे कलम सांगते. करार दोन ओळींचा असला तरी करा, पोर्टफोलिओत फोटो वापरायचा हक्क तरी लिहून घ्या.

यातलं काहीच अप्पांना कधी खुपलं नाही. पैसे बुडणं, शेठनं फिरवणं हे त्यांना ओळखीचं होतं. त्यांना खुपलं ते रिटचिंग. एकदा मुंबईला आले होते, मी रात्री लॅपटॉपवर बसले होते. सिल्कवरची एक चुणी काढत होते. चुणी काढायची म्हणजे तिची सावली थोडी उजळायची आणि तिचा उजळ भाग थोडा दाबायचा, थेंबाथेंबानं. फार खोल असली तर शेजारचं कापड उचलून तिथे चिकटवायचं. कातडीचंही तसंच. रंग एका थरात, पोत दुसऱ्या थरात वेगळा करतात, रंगाचा थर सारखा करतात, पोताला हात लावत नाहीत, म्हणजे रंध्रं राहतात आणि डाग जातो. अप्पा मागे खुर्चीवर बसून बघत होते. मला वाटलं झोपलेत.

"ही चुणी हुती की हितं," ते म्हणाले.

"होती. काढली."

"कापडातनं काढली का फोटूतनं?"

"फोटोतून."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला दोष धरायचं पैसं मिळत हुतं. तुला झाकायचं मिळत्यात व्हय?"

मी उत्तर दिलं ते चिडूनच. म्हटलं, चुणी हा दोष नाही, ती घडी आहे, नेसताना पडलेली. इस्त्री केली की जाते, मग फोटोत काढली तर काय बिघडलं? डाग झाकणं वेगळं, चुणी काढणं वेगळं. अप्पांनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती.

खरं सांगायचं तर ती रेघ रोज पुसट होते. चुणी काढते. मॉडेलच्या कोपरावरचा ओरखडा काढते. कमरेला हात लावत नाही, हे मी ठरवलंय, पण माझ्याकडून फाइल गेल्यावर पुढे कुणीतरी लावतं आणि मला ते वेबसाइटवर दिसतं. मागच्या वर्षी एका हातमागवाल्या संस्थेचं काम केलं, तिथे मात्र मजा आली. त्यांना विणीतल्या गाठी हव्या होत्या. सूत जाडंभरडं, हातानं कातलेलं, जागोजाग जाडी कमी-जास्त. मी लाइट पार कडेला नेला, काळा थर्माकोल लावला, अगदी अप्पांच्या खिडकीसारखा उजेड केला. एकेक तार उभी राहिली. फोटो बघून संस्थेच्या बाई खूश. महिन्यानं त्यांचं माहितीपत्रक छापून आलं. छपाईवाल्यानं 'साफ' करून दिलं होतं. कापड गुळगुळीत.

गेल्या दोनेक वर्षांत निम्मी कामं अशीही जाताहेत की साडी नुसती जमिनीवर पसरून एक फोटो घेतात आणि बाई कॉम्प्युटर तयार करतो. मॉडेल नको, ताई नकोत, दादा नकोत, मी नको. मी ते फोटो फार बारकाईनं बघते, यात मत्सर आहेच. निऱ्या अचानक कुठेतरी विरघळतात. पदर खांद्यावरून जातो आणि मागे उतरतच नाही. काठ कमरेजवळ रुंद, घोट्याजवळ अरुंद. नऊवारी मागितली तर जे येतं त्याला नाव नाही. आज नाही येत, उद्या येईल, हे मला कळतं. ताईंनी असा एक फोटो बघितला आणि तोंडातली टाचणी काढून विचारलं, "ही बसणार कशी?"

कर्नाटकी बेंदराला, आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, गावी गेले होते. गल्लीतून बैल जात होते, शिंगांना रंग, झुली घातलेले, आणि माझं लक्ष झुलीच्या जरीकडे. अप्पांना आता भावानं मोठा फोन घेऊन दिलाय. मी शूट केलेल्या साड्यांची वेबसाइट त्यांना लावून दिली. अप्पा खिडकीत बसून एकेक साडी बघू लागले. दोन बोटांनी मोठी करायला शिकलेत.

"हितं बघ," त्यांनी हाक मारली. "ही बुट्टी आन् ही बुट्टी येकच हाय."

"बुट्टी एकच असते अप्पा, नक्षी तीच आहे."

"तसं न्हाई. हिच्या पानाला शेवटी तार सुटल्या. हिच्याबी तितंच सुटल्या. मागावर असं व्हत न्हाई."

मी फोन हातात घेतला. खरंच. रिटचरनं पदरावरची चुणी झाकायला शेजारची बुट्टी उचलून तिथे चिकटवली होती, सुटलेल्या तारेसकट. माझ्या नजरेखालून, क्लायंटच्या नजरेखालून गेलेली फाइल. तीन महिने वेबसाइटवर होती.

"खडू आण," अप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग त्यांनी पुढची साडी काढली. सवयीनं फोन खिडकीच्या रेषेत नेला आणि कडेनं बघायला आडवा केला. साडी फिरून उभी राहिली. त्यांनी फोन उभा केला, साडी परत फिरली. "सरळ ऱ्हाईना की ह्ये," ते वैतागले. मी सेटिंगमध्ये जाऊन फिरणं बंद करून दिलं. त्यांनी पुन्हा फोन आडवा धरला, मान कलती केली, एक डोळा मिटला. त्या उजेडात साडी दिसतच नव्हती. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे तेवढे उठून आले होते. अप्पांनी लेंग्याला घासून काच पुसली आणि फोन पुन्हा खिडकीला लावला.